सू-योनची सासू

पांढुर्णा
११ जून २०२५

ती. सौ. आईंना,
तृप्तीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी कागदावर पत्र लिहून राहिली याचं तुम्हाला नवल वाटेल. माझा मोबाईल पोलिसांनी नेला तो अजून परत दिला नाही. शिवाय वकील साहेबांनी बजावलं आहे की सासरच्या कोणाशी फोनवर बोलायचं नाही. पत्राचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. माझ्या शाळेतली मैत्रीण छाया, सौंसरच्या बाजारात जिचं पार्लर आहे, ती हे तुमच्या हातात देईल. उत्तरही तिच्याजवळच द्या.

विनोद भाऊजींनी दिलेल्या तक्रारीची नक्कल बाबांनी आणली. मी नोकरीसाठी रोज भांडायची आणि त्या त्रासापायी गजेंद्रने विहिरीत जीव दिला, असं त्यात लिहिलं आहे. आई, आदल्या संध्याकाळी आमची बोलाचाली झाली हे खरं आहे. इथल्या शाळेत जागा निघाली होती. मी म्हटलं, जाऊ दे मला. ते म्हणाले, यंदाची संत्री निघू दे, मग पाहू. एवढंच. जेवताना त्यांनी ठेचा मागून घेतला, माझी गंमतही केली. सकाळी विहिरीवरची मोटार सुरू करायला वाडीत गेले ते गेलेच. जीव देणारा माणूस आदल्या दिवशी ठेचा मागतो का?

ठाण्यात मला विचारलं, मोबाईलमध्ये काय पाहतेस. मी म्हटलं, कोरियाची सीरियल. साहेबांनी तिथंच लावून पाहिली. त्यातल्या सू-योनच्या नवऱ्याला सुपातून विष जातं, नेमका तोच भाग लागला. म्हणाले, बायको नवऱ्याला मारते असलंच पाहतेस का? मी म्हटलं, कोणी मारलं ते अजून कळलं नाही, अकराच भाग झालेत. त्यावर तिथले सगळे हसले.

मी एकटी पाहत नव्हते हे त्यांना पटत नाही. दुपारी काम आवरलं की तुम्ही, मी आणि प्रणाली मागच्या खोलीत बसायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हे बाई नवऱ्याच्या मयतीत रडली नाई म्हणून सारे हिच्या मागं लागले. रडणं का सगळ्यायले जमते?" आई, गजेंद्रला नेलं तेव्हा मलाही जमलं नाही. आता तेसुद्धा तक्रारीत आलं आहे.

ठाण्यात तुम्हाला बोलावतील. आपण तिघी मिळून पाहत होतो, एवढं तरी सांगा.

तुमची
तृप्ती


सौंसर
२४ जून

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

नावाच्या आधी सौ. लिहाले गेली अन् हात थांबला. मंग नुसतंच नाव लिहिलं. राग नको मानू.

तुझी चिठ्ठी मी छायाच्या पार्लरातच वाचली. ते म्हणे, काकू, घरी नेऊ नका. म्हणून उत्तरही इथंच बाकावर बसून लिहून राहिली. बाजूले एक पोरगी भुवया करून घेत आहे. विनोदले सांगतलं का डोळ्याच्या डॉक्टरकडे चालली.

घरी काय सांगू. गजूचे बापूजी वाडीत जात नाई. दिवसभर ओसरीत बसते अन् कोणी आलं का उठून आत जाते. विनोदनं विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घेतली. आता टाकून काय उपयोग.

सीरियल मी सोडली नाई. प्रणाली दुपारी तिचा मोबाईल लावून देते. बारावा भाग पाह्यला. सू-योननं खानावळ परत उघडली. कोणी येत नाई, सारे दारावरून पाहून जाते. मंग एक म्हातारी येते, सारं सूप पिते, वाटी पुसते, काही न बोलता निघून जाते. मी रडली बाप्पा. अन् ते चष्मेवाली इन्स्पेक्टर हान बाई. गाडीत बसून एकटीच कपातल्या शेवया खाते. जेवली का म्हणून विचाराले तिच्या घरी कोणी नाई. प्रणाली म्हणते, आई, तिले तसंच आवडते. एकटं खाणं कोणाले आवडते का?

मले अजून वाटते, सू-योननं काही केलं नाई. तिच्या डोळ्यात दिसते.

ठाण्याचं तू म्हटलं ते मी पाहीन. विनोदचा मिजाज पाहून बोला लागते. तो म्हणते, सारा गाव विचारून राहिला, पुरातल्या कन्हान नदीत पोहणारा पोरगा घरच्या विहिरीत बुडला कसा? लोकायले काही तरी सांगाच लागते ना, पोरी. वरून प्रणालीले पाहाले काटोलचे पाव्हणे येणार आहे. पोरगा ब्यांकेत आहे, मंगेश नाव आहे.

कुरड्या धाडल्या आहे. तळून खाजो.

तुझी
आई


पांढुर्णा
९ जुलै

ती. सौ. आईंना,
सा. न.

कुरड्या मिळाल्या. बाबांनीच तळल्या. मी स्वयंपाकघरात जास्त वेळ उभी राहिले की ते येऊन पाहून जातात. शाळेची ती जागा दुसरीला दिली. माझं नाव पेपरात आलं होतं, त्यांचाही नाइलाज होता.

त्या म्हातारीचं वाचून बरं वाटलं. मला पाहायला मिळत नाही, तेव्हा तुम्हीच सांगत जा.

आई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पोहणारा पोरगा बुडला कसा? मीही तेच विचारून राहिली आहे. आणि विचार करता करता मला मागची दिवाळी आठवली.

अभ्यंगाच्या दिवशी सकाळी गजेंद्र न्हाणीत पडले होते. मी धावत गेले तर तुम्ही माझ्या आधी तिथं. तुम्ही दार लावून घेतलं, मला म्हणाल्या, तू चहा ठेव. पण दार पूर्ण लागलं नव्हतं. तुम्ही त्यांना कुशीवर वळवलं आणि आपल्या पायातली चप्पल त्यांच्या नाकाशी धरली. त्यांचे पाय झटके देत होते. नंतर बाहेर आले तेव्हा ओठावर रक्त होतं, जीभ चावली गेली होती. तुम्ही म्हणाल्या, पित्तानं चक्कर आली. ते दिवसभर झोपून राहिले, पणत्यांनाही उठले नाहीत.

आणि त्या गोळ्या. रोज जेवणानंतर पांढरी गोळी घ्यायचे, पित्ताची म्हणून. पाकीट कधी दिसलं नाही, गोळ्या नेहमी जुन्या डबीत असायच्या. जाण्याच्या आधल्या आठवड्यात डबी रिकामी होती. मी म्हटलं, इथल्या दुकानातून आणू का? तर म्हणाले, नाही, नागपूरलाच मिळते, पाण्याच्या पाळ्या संपल्या की जातो.

आई, मी सरळ विचारते. त्यांना मिरगी होती का?

असेल तर त्यांनी जीव दिला नाही. मोटारीजवळ वाकले असतील आणि झटका आला असेल. मग पोहता येऊन काय होणार? मी रागवणार नाही. मला फक्त हो म्हणा.

तुमची
तृप्ती


सौंसर
२ ऑगस्ट

चि. तृप्तीस आशीर्वाद.

चिठ्ठीले उशीर झाला. घरात घाई होती. काटोलवाल्यायनं प्रणालीले पसंत केलं. नवरात्र झालं का साक्षगंध करू म्हणते. माणसं साधी आहे. पोराच्या मायनं फक्त एक विचारलं, तुमच्या घराण्यात काही दुखणं-बिखणं नाई ना. विनोद म्हणे, काहीच नाई.

सीरियलचे चौदा भाग झाले. मले आता ते पाहावंसं वाटत नाई. सू-योनची सासू आहे ना, इतके दिवस गपचूप कोपऱ्यात बसणारी, ते उठली अन् ठाण्यात गेली. हान बाईले सांगतलं का विष माह्याच पोरानं आणलं होतं, धंद्यातल्या भागीदाराले माराले, अन् चुकून त्यानंच ते सूप पेलं. मी लपवताना पाह्यलं, म्हणे. सू-योन सुटली. प्रणालीनं तं टाळ्या वाजवल्या.

मले नाई पटलं. मेलेला पोरगा काही बोलाले येते का? मायनंच त्याचं नाव मातीत घातलं. अन् ते हान बाई, जिची मले दया येत होती, तेच त्या म्हातारीच्या घरी रोज जाऊन बसे, बोला, बोला म्हणे. तिले काय जाते? तिच्या मागं ना लेकरू ना बाळ. त्या सासूलेही एकच पोरगा दाखवला. घरात लग्नाची पोरगी दाखवली असती तं मंग पाह्यलं असतं कशी बोलते ते. असं कुठं होते का? सीरियलवाले काहीही दाखवते.

दिवाळीचं तू काय लिहिलं, मले नाई आठवत. चिठ्ठीत असं लिहू नको. इथं पार्लरात चार बाया येते-जाते.

पाऊस चांगला आहे. तब्येतीले जप.

आई


पांढुर्णा
१४ ऑगस्ट

ती. सौ. आईंना,
सा. न.

तुम्ही नाही म्हटलं नाही. ते मी किती वेळा वाचलं.

गजेंद्रच्या कपड्यांसोबत त्यांचं पाकीट माझ्याकडे आलं होतं. त्यात नागपूरच्या एका डॉक्टरचं कार्ड सापडलं. मी आणि बाबा सकाळच्या गाडीनं गेलो. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये नाव पाहिलं. नाव निघालं. फाईल जुनी आहे, लग्नाच्या कितीतरी आधीची. पण कशाची ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, पेशंटसोबत नेहमी त्यांच्या आई यायच्या, कागदांवर त्यांचंच नाव आहे, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, मी बायको आहे. तर म्हणाली, तुमचं नाव कुठंच नाही. डॉक्टरांनीही भेटून तेच सांगितलं. बाबा बाहेर येऊन बराच वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसले होते.

वकील साहेब म्हणतात, कोर्टातून कागद मागवू, पण घरच्यांनी आजार होता असं म्हटलं तर पहिल्याच पायरीवर काम होईल. घरचेच नाही म्हणाले तर पोलीस म्हणतील, आजार असला तरी तो त्या दिवशी आला कशावरून. पाहणारं कोणी नव्हतं. म्हणजे सगळं तुमच्या एका शब्दावर येऊन थांबलं आहे.

तुम्हाला ती सासू आवडली नाही. मी भाग पाहिला नाही, पण मला ती आवडली. तुम्ही म्हणता, तिला लग्नाची पोरगी नव्हती. सून तर होती ना.

प्रणालीचं मला कळत नाही असं समजू नका. तिची वेणी मी घालून दिली आहे, तिच्या परीक्षेच्या वेळी तिच्यासोबत जागले आहे. तिचं लग्न मोडावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. पण मिरगी म्हणजे कलंक नाही, आई. गोळी घेतली की माणूस नीट जगतो. तुम्ही मला लग्नाआधी सांगितलं असतं तरी मी हे लग्न केलं असतं. आणि मला माहीत असतं तर ती डबी रिकामी राहिली नसती. मी स्वतः नागपूरला गेले असते. त्यांना विहिरीवर एकट्यानं जाऊ दिलं नसतं. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण मला दुसरं काही सुचत नाही. दिवसभर हेच चालू असतं.

एकदा ठाण्यात सांगा. नाहीतर एकदा नागपूरला चला. मी बसस्टँडवर येऊन थांबेन.

तृप्ती


सौंसर
३० ऑगस्ट

चि. तृप्तीस,

पोळ्याच्या गोटमारीच्या जत्रेत बंदोबस्ताले सारे पोलीस पांढुर्ण्याले होते म्हणून माहं बयान मागं पडलं होतं. काल झालं. विनोद सोबत होता.

मी काय बोलली ते तुले वकील सांगन, म्हणून मीच आधी लिहिते. गजूले कोणतंच दुखणं नव्हतं, असं सांगतलं. साहेबानं सीरियलचं विचारलं. मी म्हटलं, मले मोबाईल लावता येत नाई, ते एकटीच पाहे.

तू तरणी आहे, शिकलेली आहे. तुले तुह्या बाबाचं घर आहे. कोर्टात काही होत नाई, विनोद म्हणते, अशा केसा सुटतेच. प्रणालीचं एकदा मोडलं तं कोण घेईन तिले? तुले मोठ्या बहिणीसारखी माया होती ना तिची.

आता चिठ्ठी नको लिहू. मीही नाई लिहिणार.

वच्छला


रामाकोना
२१ नोव्हेंबर

चि. तृप्तीस,

नाई लिहिणार म्हटलं होतं तरी लिहून राहिली. आज रामाकोन्याले घरातच बसून लिहिते. आता कोणी पाह्यलं तरी काय होणार.

तुले आत नेलं होतं हे छायानं सांगतलं. जामीन झाला तेही सांगतलं. अंगावर काय होतं, थंडीचं काही दिलं का नाई, मी तिले सारं विचारलं. तिले माहीत नव्हतं. ते माह्याशी आता धड बोलत नाई.

प्रणालीचं मोडलं. साक्षगंधाची साडीही आणली होती. काटोलवाल्यायनं माणूस पाठवला अन् सांगतलं, तुमच्या घरची केस चालू आहे, सून जेलात जाऊन आली, पेपरात आलं, असल्या घरी सोयरीक नको. दुखण्याचं तं त्यायनं परत विचारलंही नाई.

विनोद म्हणते, तिच्यापायी मोडलं. तुह्यापायी. प्रणाली दोन दिवसांनी मले म्हणे, "आई, दादाले फिट येत होती ना? मी लहानपणी पाह्यली आहे." मी म्हटलं, गप. तेव्हापासून ते माह्याजवळ बसत नाई. तिचा मोबाईलही मागत नाई मी.

मी विनोदले म्हटलं, आता तं लग्न मोडलंच, मी जाऊन खरं सांगते. तो म्हणे, सही केली आहे तू. आता फिरवलं तं आधी खोटं बोलली म्हणून तूच आत जाशीन, अन् मी तक्रार दिली म्हणून मीही. माह्या पोरायचं काय? बापूजी ऐकत होते. ते उठून आत गेले.

एकटीनं नागपूरले जाव म्हणून मी एक दिवस स्टेशनवर गेली होती. गाडी आली. मी बाकावरच बसून राह्यली, अन् गाडी गेली. मंग घरी आली.

तुले काय मागू मी. तू खात जाय.

वच्छला


पांढुर्णा
८ डिसेंबर

ती. सौ. आईंना,

तुमचं पत्र आलं. छायानं ते आणून दिलं, पण यापुढं ती आणणार नाही. तिच्या नवऱ्याला ठाण्यातून विचारणा झाली, तो घाबरला आहे. म्हणून हे शेवटचं. घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. विनोद भाऊजींनी उघडलं तरी चालेल, यात काही लपवण्यासारखं नाही.

प्रणालीचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिला सांगा, किंवा नका सांगू.

तुम्ही स्टेशनवर गेला होता हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि कपडे वाळत घालून आले. मी तुमच्यावर रागावणार नाही असं जुलैत लिहिलं होतं. ते आता खरं नाही. राग आहे. तो जाईल असंही वाटत नाही. पण तुम्ही बाकावर बसून राहिल्या असाल ते मला दिसतं, तुमची ती हिरवी पिशवी मांडीवर घेऊन. आणि मग काय करायचं ते मला कळत नाही.

डॉक्टरांचे कागद कोर्टानं मागवले. फाईलमध्ये मिरगीचंच लिहिलं आहे. पण शेवटची तपासणी जुनी आहे, त्यानंतर झटका आल्याची नोंद नाही. मधल्या काळात ते फक्त गोळ्या नेत राहिले. दिवाळीचा झटका आपण दोघींनीच पाहिला. आरोपी मी, आणि तुम्ही सही करून नाही म्हणून सांगितलं. वकील साहेब म्हणाले, याचा उपयोग होईल, पण फार नाही. खटला किती चालेल विचारलं तर म्हणाले, पाच वर्षं धरा, सातही धरा. सीरियल बरी, सोळा भागांत तरी संपते. उरलेले भाग मी पाहिले नाहीत. बाबांनी त्यांच्या मोबाईलवर लावून दिली होती, मी बंद करायला सांगितली. त्या सासूचा चेहरा मला पाहवला नसता.

शिकवणीला येणारी मुलंही आता येत नाहीत. बाबा पहाटे फिरायला जातात, म्हणजे कोणी भेटत नाही. माझा दिवस जातो. कसा जातो ते सांगण्यासारखं नाही.

पुढच्या महिन्यात साक्षी सुरू होतील. तुम्हाला समन्स येईल. तिथं तुम्ही काय बोलाल ते मला आता विचारायचं नाही. बयानात जे आहे तेच बोलाल, हे वकील साहेबांनी धरूनच ठेवलं आहे. मीही धरलं आहे.

कोर्टाच्या पायऱ्या उंच आहेत, तुमच्या गुडघ्यांना जड जातील. प्रणालीला सोबत आणा, तिचा हात धरून चढा. मी तिथंच बाजूला उभी असेन. पण मला पुढं येता येणार नाही.

तृप्ती